आहे : एक नग

वाडीच्या गोदामात, सात नंबरच्या शटरमागे
मी मोजायचं काम करते.
क्लच प्लेटा, किंगपिन, वायपरच्या काड्या,
ब्रेक लायनर, हॉर्नचे भोंगे,
अकरा हजार चारशे आणि वर काही नग,
प्रत्येकाला गल्ली, रॅक, कप्पा.
माणसांचे पत्ते बदलतात या शहरात,
यांचे नाही.

एप्रिल संपता संपता
स्क्रीन म्हणाला : मागच्या चाकाचं बेअरिंग.
गल्ली ड, रॅक नऊ, खालचा कप्पा.
आहे : एक नग.
हात घातला तर धूळ,
आणि पालीच्या अंड्याचं टरफल.

तिकडे देवरीच्या अलीकडे, हायवेच्या कडेला
झनकलाल साहूची गाडी उभी.
डाव्या बाजूला जॅक, जॅकखाली दगड,
गाडीच्या सावलीत तो,
आणि सावली सरकेल तशी त्याची चटई.
पहिल्या दिवशी फोनवर म्हणाला, "मैडम, मेरा बेरिंग?"
दुसऱ्या दिवशी, "मैडम, बेरिंग?"
तिसऱ्या दिवशी नुसतं, "मैडम."
मी म्हटलं, सिस्टीममध्ये दाखवतंय, आहे.
तो म्हणाला, "वो तो भगवान भी है."

चेन्नईहून नवं मागवायचं
तर आधी इथला एक शून्य करावा लागतो,
आणि शून्य करायला
हरवलं, असं कुणीतरी सही करून द्यावं लागतं.
टेंभरे साहेबांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.
"आहे त्याला नाही कसं लिहू, पुष्पाताई?
शोधा. जाते कुठं?"
आम्ही शोधून राहिलो.
जाळ्या पाडल्या, शिडी लावली,
चार वर्षांपूर्वी हरवलेला कॅल्क्युलेटर सापडला.

गावात एक खांब आहे, म्हणे तिथून
सगळ्या देशाचं अंतर मोजायचे.
झनकलालचं कुठून मोजायचं ते मला उमजेना :
दीडशे किलोमीटर
की एक कप्पा?

गुरुवारी दुपारी, पारा सेहेचाळीसवर,
कूलरमध्ये पाणी टाकायला वाकले
आणि तशीच वाकलेली राहिले.

होळीनंतर माळ्यावरून काढला तेव्हा
कूलर डुगडुगत होता. फरशी तिथे उतरती.
अंकुश नेवारे म्हणाला होता,
"ताई, पायाखाली काही द्या ना."
मी समोरच्या रॅकवरून हाताला लागला तो खोका दिला.
मी. जिच्याकडे मोजायचं काम आहे.

खोका भिजून पापड झालेला,
बारकोडच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या.
आत प्लास्टिक, त्यात तेलकट कागद,
आणि कागदात ते, थंडगार, अंगावर गंजाचा ठिपका नाही.
बोटाने फिरवलं तर फिरलं,
आवाज न करता,
जणू माझ्यावर त्याचा काही राग नव्हता.
दीड महिना आम्ही सगळे
वाळ्याच्या वासाची हवा खात होतो
झनकलालच्या चाकावर बसून.

नवा खोका, नवं स्टिकर, चिकटपट्टीचे चार वेढे.
रायपूरच्या गाडीच्या केबिनमध्ये,
ड्रायव्हरच्या सीटमागे, त्याच्या डब्याशेजारी ठेवला.
डिक्कीत नको म्हटलं. हातात द्या म्हटलं.
साहेबांना सांगितलं, सापडलं.
कुठे, ते त्यांनी विचारलं नाही;
एकाचा शून्य झाला, हिशेब जुळला,
जुळलेल्या हिशेबाला कोण काय विचारतं.

शुक्रवारी संध्याकाळी फोनकडे पाहत बसले.
वाजला नाही.
शनिवारीही नाही.
या धंद्यात चाक फिरायला लागलं
की फोन येत नाही,
हे मला नवीन नाही. तरी बसले.

कूलरखाली आता विटेचा तुकडा आहे.
जरा जास्तच उंच. एका कोपऱ्यातून
पाणी गळत राहतं, गल्ली ड च्या दिशेने.
अंकुश दर तासाला बादली सरकवतो आणि म्हणतो,
"पहिले होतं ते बरं बसलं होतं, ताई.
काहून काढलं जी?"